वशिला, वास्ता आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी वक्ता नाही, विद्वान तर नाहीच. १९७९ ते १९९० कुवेतला आणि १९९३ ते २०११ दुबईला, अशी जवळजवळ तीस वर्षे गुदामातल्या मालाच्या नोंदी करण्यात गेली. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय तो एवढाच. भाषण स्मरणिकेत छापायचे आहे असे कळल्यावर मी ते आधी लिहून काढले. म्हणजे समोर बसलेल्यांना जे सांगतो आहे, तेच उद्या आखातातल्या एखाद्या खोलीत, खाटेवर पडून हे पान वाचणाऱ्या तुम्हांलाही सांगतो आहे.

परदेशी नोकरी म्हटली की आपण काय विचारतो? पगार किती, जेवणखाण कंपनीचे की आपले, सुट्टी किती वर्षांनी. या सगळ्या गोष्टी करारात लिहिलेल्या असतात, निदान असाव्यात. पण माणूस तिथे टिकतो की मोडतो, वर चढतो की जिथल्या तिथे राहतो, हे ज्यावर पुष्कळसे अवलंबून असते ते कोणत्याही करारात लिहिलेले नसते. ते म्हणजे ओळखीपाळखी. आपल्या माणसांची ओळख, परक्या माणसांची ओळख, आणि ज्या मुलखात आपण गेलो तिथल्या माणसांची आपापसांतली ओळख. या तीन प्रकारच्या ओळखींविषयी मला आज बोलायचे आहे.

आधी आपल्या माणसांविषयी. आम्हां कोकणातल्या लोकांना परमुलूख नवा नाही. तेलाचा पैसा ऐकिवातही नव्हता तेव्हापासून रत्नागिरी-कुलाब्याकडची माणसे आगबोटींवर खलाशी म्हणून जात होती. एकोणिसाव्या शतकातच आपली काही घराणी केपटाऊनला जाऊन स्थायिक झाली. आखातही आपल्याला एका अर्थाने जवळचेच. कुवेत, बहरीन, कतार, ओमान या भागांत अनेक वर्षे आपलाच रुपया चालत होता. १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि १९६१ साली कुवेतने स्वतःचा दिनार सुरू केला. मुंबईहून आखाताकडे ‘द्वारका’ नावाची आगबोट जात असे. ती १९८२ पर्यंत चालू होती. आमच्या घरातला पहिला माणूस, माझे मामू, त्याच बोटीने गेले.

मामूंना तिथे नेले कोणी? जाहिरात त्यांनी पाहिली नव्हती, अर्ज केला नव्हता. मुंबईत डोंगरीला आमच्या गावाची एक खोली होती. गावातला कोणीही पोरगा मुंबईत उतरला की वळकटी घेऊन त्या खोलीत यायचा. गोव्याच्या खलाशांचे धोबीतलावाकडे ‘कूड’ होते, तशीच ही व्यवस्था. तिथेच मामूंना कोणीतरी सांगितले की अमक्या ठिकाणी माणसे हवी आहेत. मामूंनी पुढे चाचांना नेले, चाचांनी मला. १९७३ साली तेलाचे भाव भडकल्यावर आखातात बांधकामाची जी धामधूम उडाली, तिच्यात अशीच गावेच्या गावे तिकडे गेली. एका गावचे सगळे एका शहरात, शेजारच्या गावचे सगळे दुसऱ्या शहरात, असे जे आपल्याला दिसते त्याचे कारण हेच. पाण्याने जशी एकदा पाट धरली की त्याच पाटेने वाहते, तसे आहे हे.

या साखळीने मला काय दिले ते कृतज्ञतेने सांगतो. मी कुवेतला उतरलो तो जुलै महिना. विमानाचे दार उघडले आणि भट्टीचे झाकण काढावे तशी हवा तोंडावर आली. हातात एक पत्र्याची पेटी, खिशात शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, आणि अरबीचा गंध नाही. पण विमानतळावर चाचा उभे होते. मुरगाब भागातल्या खोलीत दहा जणांत अकरावी खाट पडली. पहिल्या पगारापर्यंत मेसचे पैसे कोणी मागितले नाहीत. कोणत्या बसचा आकडा कोणता, आजारी पडलो तर कुठे जायचे, मुकादमासमोर कोणते शब्द बोलायचे नाहीत, हे सगळे पहिल्या आठवड्यात तोंडी शिकलो. घरचा आवाज ऐकायचा तर कॅसेट होती. गावाला जाणाऱ्याबरोबर आपला आवाज भरून पाठवायचा, येणाऱ्याबरोबर आईचा आवाज यायचा, आणि ती कॅसेट साऱ्या खोलीने मिळून ऐकायची.

खोलीत भिशी होती. बारा जण, महिन्याला दहा दिनार. ज्याच्या बहिणीचे लग्न, ज्याच्या घराचे छप्पर गळते, त्याचा नंबर आधी. कागदाचा कपटा नाही, साक्षीदार नाही. आणि कोणी परमुलखात डोळे मिटले, तर त्याची मय्यत घरी पाठवायची की तिथेच दफन करायची, कागद कुठे कुठे फिरवायचे, विधवेला किती पाठवायचे, हे ठरवायला शुक्रवारी नमाजनंतर दहा माणसे उभी राहत. जे काम करायला सरकारी कचेरीला महिना लागता, ते आपल्या माणसांनी आठवड्यात केलेले मी पाहिले आहे.

मित्रहो, इतके सांगून मी थांबलो असतो तर तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण या नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही, तर मी तुमचा अपराधी ठरेन.

१९८४ च्या सुमारास आमच्या खोलीत शेजारच्या गावचा एक तरुण आला. त्याचा व्हिसा त्याच्या बहिणीच्या दिराने करून दिला होता. त्यासाठी घरच्यांनी आंब्याची बाग गहाण टाकली. मुंबईत त्याला सांगितले होते, वायरमनच्या हाताखाली काम आहे. प्रत्यक्षात त्याला शहराबाहेर बांधकामावर सिमेंटच्या गोण्या उचलायला लावले. पगार बोलल्याच्या निम्मा, आणि तोही तीन-तीन महिने तुंबलेला. मजूर कचेरीत तक्रार करायची सोय होती. मी त्याला म्हटले, चल, मी येतो तुझ्याबरोबर. तो म्हणाला, “भाई, मी तक्रार केली तर तिकडे माझी बहीण माहेरी येऊन बसेल.”

मग मीही गप्प बसलो. खोलीतले सगळेच गप्प बसले. व्हिसा विकणारा आपलाच होता, भाऊबंदांत उठबस असलेला होता. त्याच्यामुळे आमच्यातल्या चौघांना नोकऱ्या लागल्या होत्या. परका दलाल असता तर आम्ही त्याची गचांडी धरली असती. आपला म्हणून त्याला चहा दिला. दोन वर्षांनी तो तरुण परत गेला तेव्हा बाग सुटली नव्हती आणि पाठ मात्र कायमची दुखावली होती. हे शल्य माझ्या मनात आजही आहे, म्हणून हे उघडपणे सांगतो आहे.

यातून मी काय शिकलो? ज्या ओळखीने दार उघडते, तीच ओळख कधीकधी तोंड बंद करते. नोकरी उपकाराने मिळाली की पगाराची गोष्ट हिशेबाची राहत नाही, इज्जतीची होते. मग माणूस मालकाचा नोकर असतो आणि नातेवाइकाचा मिंधा. दोन मालक झाले की दाद मागायला जागा उरत नाही.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. आमच्या खोलीतल्या अकरा जणांना जे माहीत होते ते अकरांनाही माहीत होते. जे एकाला माहीत नव्हते ते कोणालाच माहीत नव्हते. एकजण गुदामात, म्हणून दहाजण गुदामात. दुसऱ्या कामाला जास्त पगार आहे, त्यासाठी एक छोटी परीक्षा द्यावी लागते, ही बातमी आमच्या खोलीत येणार कुठून? आम्ही जेवायचो एकत्र, फिरायचो एकत्र, बोलायचो आपल्याच बोलीत. अकरा वर्षे कुवेतमध्ये राहून काही जण कुवेतमध्ये आलेच नाहीत असे म्हटले तर चूक होणार नाही. ते आपल्या गावातच राहिले, फक्त हवा गरम होती.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या एका अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली यावर एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावी नुकतीच नोकरी बदललेल्या माणसांना त्याने विचारले, ज्याच्याकडून तुम्हांला नोकरीची खबर लागली तो तुम्हांला किती वेळा भेटत असे? तुम्ही-आम्ही म्हणू, जवळचा मित्र, रोज भेटणारा. पण आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून जास्त भेटणाऱ्याकडून खबर लागली असे सांगणारे निघाले शेकडा १६.७. शेकडा ५५.६ जणांना ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून लागली होती, आणि २७.८ जणांना अगदी क्वचित भेटणाऱ्याकडून. कारण उघड आहे. जवळच्या माणसाला आपल्याइतकेच माहीत असते. दूरचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरतो, तो नवी बातमी आणतो. ही पाहणी तिकडच्या शिकलेल्या नोकरदारांची होती, पण आमच्या खोलीला ती तंतोतंत लागू पडते.

मला याचा पडताळा कसा आला ते सांगतो. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले. रात्रीतून बँका बंद, दुकाने लुटलेली, दिनाराची किंमत मातीमोल. आमच्या खोलीत अकरा माणसे आणि अकरांचीही एकच बातमी, ती म्हणजे बातमी नाही. माझ्या कचेरीशेजारी एका मल्याळी टंकलेखकाची कचेरी होती. आठवड्यातून एकदा चहाच्या टपरीवर रामराम, याहून जास्त संबंध नव्हता. तो पायी चालत आमच्या दारात आला आणि म्हणाला, एका भारतीय शाळेत नावे लिहून घेताहेत, बसगाड्या ठरताहेत, उद्या सकाळी या. त्या माणसाने माझा पत्ता लक्षात ठेवला होता. आमची खोली बसमध्ये बसली ती त्याच्यामुळे.

त्या दिवसांत कुवेतमधल्या भारतीयांनी प्रांत, भाषा, धर्म बाजूला ठेवून समित्या उभ्या केल्या. मथुन्नी मॅथ्यूज यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी त्यांत पुढाकार घेतला. २०१६ सालच्या ‘एअरलिफ्ट’ चित्रपटामुळे ही हकीकत नव्या पिढीला थोडीफार कळली. आपले परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल स्वतः बगदादला आणि कुवेतला येऊन गेले. बसरा, बगदाद करीत आम्ही जॉर्डनच्या सरहद्दीवर पोहोचलो, छावणीत दिवस काढले, आणि अम्मानहून विमानाने मुंबईला आलो. सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीय त्या दोन महिन्यांत असे बाहेर काढले गेले. विमाने सरकारची होती, हे खरे. पण कोण कुठल्या गल्लीत अडकला आहे, कोणाची बायको गरोदर आहे, कोणाजवळ पासपोर्ट नाही, ही यादी कोणत्याही सरकारजवळ नव्हती. ती ओळखीपाळखीतूनच तयार झाली.

आणखी एक गोष्ट. आमच्या भिशीचे त्या महिन्याचे एकशे वीस दिनार एकाच्या हाती होते. सगळे बुडाल्यातच जमा धरले. १९९१ साली तो गृहस्थ एस. टी.ने गावोगाव फिरला आणि प्रत्येकाचा हिस्सा रुपयांत घरी पोहोचता केला. त्यासाठी त्याने काय विकले ते त्याने कधी सांगितले नाही. आपल्या माणसांची साखळी अशीही असते.

पण इथेच कागदाची गोष्ट सांगायला हवी. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रसंघाने १९९१ साली भरपाईसाठी एक आयोग नेमला. ज्यांना कुवेत सोडून पळावे लागले त्यांना ठरावीक रकमा मिळू लागल्या. त्यासाठी आपण तिथे होतो आणि तेव्हा निघालो, एवढे दाखवावे लागे. मी माझ्या कागदांच्या नकला बिस्किटाच्या डब्यात जपून आणल्या होत्या, माझे काम सोपे झाले. ज्यांचे सगळे कागद मालकाच्या कपाटात राहिले, त्यांना किती खेटे घालावे लागले ते त्यांनाच विचारा. ओळखीने बसमध्ये जागा मिळाली, भरपाई मात्र कागदाने मिळाली. दोन्ही हवे, एकाने भागत नाही.

आता तिसऱ्या ओळखीकडे येतो. ती म्हणजे त्या मुलखातल्या लोकांची आपापसांतली. परक्याला हीच सगळ्यांत उशिरा कळते.

आपण मराठीत ‘वशिला’ म्हणतो. हा शब्द मूळचा अरबी, वसीला, म्हणजे साधन, मध्यस्थी. आखातात मात्र याच अर्थी ‘वास्ता’ म्हणतात. वसत म्हणजे मध्य. मध्ये पडणारा तो वास्ता. पूर्वी दोन टोळ्यांत तंटा झाला तर मध्ये पडून तो मिटवणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला मोठा मान असे. तीच रीत पुढे कचेऱ्यांत शिरली. परवाना लवकर हवा, मुलाला नोकरी हवी, फाईल अडली, तर कोणाच्या तरी चुलत्याला, शाळासोबत्याला फोन जातो. वशिल्याचे प्रस्थ आपल्याकडे काही कमी नाही, तेव्हा त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. फरक एवढाच की आपल्या गावात आपला वशिला कुठे लागतो ते आपल्याला माहीत असते. तिथे आपण त्या जाळ्याच्या बाहेर असतो.

कुवेतमध्ये हे जाळे विणले जाते ते दिवाणियात. आपल्या दिवाणखान्याचाच तो भाऊबंद. संध्याकाळी घराच्या बैठकीत पुरुष जमतात. चहा, कॉफी, बाजारभाव, राजकारण, लग्नाच्या गोष्टी. इतर देशांत त्याला मजलिस म्हणतात. सौदी अरेबिया, अमिराती, ओमान आणि कतार यांच्या मजलिसीला युनेस्कोने २०१५ साली मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, गप्पा चालल्या आहेत. पण उद्या कचेरीत जे होणार ते काही वेळा आजच तिथे ठरलेले असते.

मला हे समजायला पाच वर्षे लागली. सुरुवातीला कचेरीत गेलो की मी कागद पुढे करी आणि घाई करी. समोरचा म्हणे, बस, चहा घे. मला वाटे, हा वेळ काढतो आहे. नंतर कळले की तो माझी पारख करतो आहे. तिकडे आधी माणूस कळावा लागतो, मग काम पुढे सरकते. स्पष्ट ‘नाही’ म्हणणे उद्धटपणाचे समजतात. ‘बुकरा’, म्हणजे उद्या, या शब्दात होकार आहे की नकार, हे आवाजावरून ओळखावे लागते. आमच्या कचेरीत एक मिसरी कारकून होता. त्याच्याकडून मी रोज दुपारी दहा शब्द शिकू लागलो. मोडकेतोडके का होईना अरबी बोलू लागलो तशी आमच्या कुवेती साहेबाची नजर बदलली. एकदा तो मला आपल्या चुलतभावाच्या दिवाणियात घेऊन गेला. मी दाराजवळ बसलो, चहा प्यालो, उठून आलो. वर्षभर अधूनमधून जात राहिलो.

१९८६ मध्ये वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. माझा पासपोर्ट इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणात अडकलेला. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांची कामे करणारा माणूस, म्हणाला, पुढच्या आठवड्यात. मी साहेबाकडे गेलो. त्याने कोणाला तरी एक फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी पासपोर्ट माझ्या हातात होता. वडील गेले त्याच्या आदल्या रात्री मी घरी पोहोचलो. माझ्याच खोलीतल्या दुसऱ्या एकाला, त्याच कंपनीत, त्याच कामाला, पंधरा दिवस लागले. त्याला आईचे तोंड पाहायला मिळाले नाही. नियम दोघांना एकच होता.

ही परतफेडही असते, हे विसरू नका. दोन वर्षांनी साहेबाने त्याच्या एका नातेवाइकाच्या दुकानातला माल मोजून द्यायला सांगितले. दोन शुक्रवार माझे गेले. मी आनंदाने गेलो. मात्र हाच वास्ता माझ्या विरुद्धही गेला. ज्या जागेवर माझी बढती व्हायची होती, तिथे कोणाचा तरी भाचा आला, आणि काम शिकवायला मलाच नेमले. परक्या माणसाला वास्ता उसना मिळतो, मालकीचा होत नाही. एवढे ध्यानात ठेवले की मनस्ताप कमी होतो.

भगिनींनो, तुमच्यापैकी काही परिचारिका, शिक्षिका, डॉक्टर म्हणून तिकडे जाल, काही गेल्याही आहेत. बहुतेक बैठका पुरुषांच्या, तेव्हा आपल्याला दार बंद, असे समजू नका. स्त्रियांच्या वेगळ्या मजलिसी असतात. दुबईत आमच्या ओळखीच्या एका परिचारिकेने एका घरातल्या आजीबाईंची सेवा केली. त्या घरातल्या बायकांशी तिचा असा घरोबा झाला की पुढे तिची अडलेली कामे आम्हां पुरुषांच्या आधी होत असत.

तुम्ही म्हणाल, हे सारे जुने झाले. आता कायदे बदलले, हातात मोबाईल आला. काही अंशी खरे आहे. मालकाच्या, म्हणजे कफीलच्या, परवानगीशिवाय नोकरी बदलता येत नसे. कतारने २०२० साली ती अट काढली. सौदी अरेबियाने मार्च २०२१ पासून काही अटींवर तशी मुभा दिली. दुसऱ्या बाजूने सौदीने २०११ मध्ये ‘निताकात’ची योजना आणून खाजगी कंपन्यांत आपल्या नागरिकांना जागा देणे सक्तीचे केले. आपल्याकडेही १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालच्या नियमांत दलालाची कमाल फी ठरवून दिली आहे, तीस हजार रुपये आणि वर कर. दहावी उत्तीर्ण नसलेल्याला आखातासह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची मंजुरी घ्यावी लागते आणि विमाही काढावा लागतो. दहावीच्या प्रमाणपत्राची किंमत तिथपर्यंत पोहोचते.

पण नियम बदलला ही खबर तुमच्यापर्यंत कोण आणणार? व्हॉट्सअ‍ॅपवरचा गावाचा गट म्हणजे आमची मुरगाबची खोलीच आहे, फक्त अकराच्या जागी दोनशे माणसे. तिथेही सगळ्यांना तेच माहीत असते, आणि अफवा बातमीच्या आधी पोहोचते. ‘आझाद व्हिसा’ म्हणजे कुठेही काम करायची मोकळीक, असे सांगून आजही पैसे घेतले जातात. प्रत्यक्षात व्हिसा एकाच्या नावावर आणि काम दुसऱ्याकडे, असा तो प्रकार असतो. पकडला गेलात तर देणारा ओळख दाखवत नाही. आणि तो देणारा पुष्कळदा आपलाच असतो, हे मी मघाशी सांगितलेच.

म्हणून निघण्यापूर्वी तुम्ही चार गोष्टी कराव्यात असे मला नम्रपणे सांगावेसे वाटते.

पहिली, मामू असो की मेहुणा, पैसे दिले तर लिहून घ्या आणि करार वाचून घ्या. नाते वेगळे, हिशेब वेगळा. कागद मागितल्याने जे नाते तुटते ते तसेही टिकणारे नव्हते. त्या कागदांच्या नकला घरी एका माणसाजवळ ठेवा.

दुसरी, जिथे जाल तिथली भाषा पहिल्या वर्षात शंभर वाक्यांपुरती तरी शिका. कुराण वाचता येते म्हणून अरबी येते, असे समजणारे मी पुष्कळ पाहिले. वाचता येणे वेगळे आणि बाजारात बोलता येणे वेगळे.

तिसरी, आपल्या खोलीबाहेरची तीन माणसे जोडा. एक दुसऱ्या प्रांतातला, एक दुसऱ्या देशातला, आणि जमले तर एक तिथलाच. काम असेल तेव्हाच भेटू नका. काम नसताना प्यालेला चहा पुढे कामाला येतो.

चौथी, तुम्ही स्थिरावलात की तुमच्या पाठीमागून येणाऱ्याला खरे ते सांगा. पगार फुगवून सांगू नका, आणि आपल्या माणसाने फसवले तर गप्प राहू नका. माझ्यासारखे शल्य घेऊन म्हातारे होऊ नका.

पालकांना आणि संस्थेलाही एक विनंती. आपल्या शाळेतून शिकून बाहेरदेशी गेलेले आणि परतलेले कितीतरी जण आहेत. कोण कुठे होता, काय काम केले, कोणती भाषा शिकला, याची एक साधी वही शाळेच्या कचेरीत ठेवावी. जाणाऱ्या मुलाला आपल्या नातेवाइकाखेरीज आणखी दोघांचा सल्ला मिळेल. खर्च एका वहीचा.

आता शेवटचे. १९८४ सालचा तो तरुण आज साठीच्या पुढे आहे. मागल्या वर्षी तो आपल्या मुलाला घेऊन माझ्या ओट्यावर आला. मुलाने तंत्रशाळेचा अभ्यासक्रम पुरा केला आहे, वायरमनचे प्रमाणपत्र आहे. त्याला एका कंपनीचा करार आला होता, आणि योगायोग असा की तो आणणारा पुन्हा नात्यातलाच होता. बाप म्हणाला, “भाई, हे वाचून द्या. त्या वेळी आपण वाचले नव्हते.” आम्ही तिघे बसलो. ओळ न ओळ वाचली. दोन ठिकाणी शंका आली, ती मुलाने स्वतः फोन करून त्या नातेवाइकाला विचारली, आणि उत्तर लेखी मागितले. नातेवाईक रागावला नाही. त्याने उत्तर लेखी पाठवले. मुलगा गेला. मागच्या ईदला त्याचा फोन आला तेव्हा त्याने मला अरबीत खुशाली विचारली.